चालती मॉरिस विकणे आहे

"पोरीच्या हातात पाना बरा बसतो, पण गॅरेज चालवायला माणूस लागतो," अब्रार एकदा म्हणाला होता. ती पोरगी तेव्हा त्याच्याच पायापाशी, एका टेंपोखाली पाठीवर पडून काम करत होती.

टेंपोखालून आवाज आला, "मग मी कोण हाय, अब्बा?"

"तू फराह हायस."

"बारा नंबरचा द्या."

अब्रारनं बारा नंबरचा पाना खाली दिला. हे ऐकणारं गिऱ्हाईक हसलं. अब्रारही हसला. टेंपोखालून कोणी हसलं नाही.

खालापूरकडून खोपोलीकडे येताना जुन्या हायवेला डाव्या हाताला ही शेड लागते. पत्र्याचं छत, तीन बाजूंना विटा, चौथी बाजू रस्त्याला उघडी. एक्स्प्रेसवे झाला तेव्हा गाड्या तिकडे गेल्या आणि हा रस्ता एखाद्या निवृत्त माणसासारखा दुपारी पडून राहू लागला. तरी अब्रार रोज सकाळी शेड उघडायचा, रस्त्याकडे तोंड करून स्टुलावर बसायचा आणि बोलायचा. येणाऱ्या प्रत्येक गाडीविषयी त्याचं काही तरी म्हणणं असे. गेलेल्या गाडीविषयी अधिक असे.

त्याचे वडील कोकणच्या किनाऱ्यावरून कर्जतला आले होते. बाजारात त्यांचं सुक्या मासळीचं दुकान होतं. अब्रारला त्या वासात बसवेना. सोळाव्या वर्षी तो खोपोलीच्या धाकलू ड्रायव्हरच्या ट्रकवर क्लीनर म्हणून चढला. कागदाची रिळं घेऊन ट्रक पुण्याला जायचा, कांदे घेऊन परत यायचा. चढणीला गाडी कशी बोलते, उतारावर तिला कशी धरून ठेवायची, वळणापलीकडे दुसरी गाडी आहे हे दगडावर पडणाऱ्या उजेडावरून कसं ओळखायचं, हे सगळं त्याला धाकलूनं शिकवलं. शिकवताना थोबाडीतही मारली.

घाटात शिंग्रोबाचं देऊळ आहे. घाटाची वाट ज्याला ठाऊक होती त्या धनगराचं. वर जाणारे ड्रायव्हर तिथं वेग कमी करतात, खिडकीतून नाणं टाकतात आणि पुढे जातात. धाकलू नाणं टाकत नसे. ट्रक कडेला घ्यायचा, इंजिन बंद करून चावी काढायची, खाली उतरायचं आणि नाणं हातानं ठेवायचं. "टाकायला तो काय भिकारी हाय?" तो म्हणायचा. अब्रारनंही पुढे स्वतःच्या ट्रकवर वीस वर्षं तेच केलं. त्याची बायको झोहरा त्याला टोचायची, "मशिदीत उशिरा पोचता, घाटात कधी उशीर होत नाय तुमाला." तो म्हणायचा, "मशीद सपाटीला हाय गं."

क्लच दाबून दाबून डावा गुडघा गेला. ट्रक विकला आणि ही शेड घेतली. मुलगा तळोज्याला कंपनीत लागला. त्याला ग्रीसचा वास आवडत नव्हता, जसा बापाला मासळीचा आवडला नव्हता. फराहला आवडला. ती आयटीआयला मोटार मेकॅनिक शिकली. वर्गात ती एकटीच मुलगी होती. ती शेडमध्ये काम करू लागली तेव्हा अब्रारला बरं वाटलं आणि काळजीही वाटली. या दोन गोष्टी त्याच्यात वेगवेगळ्या राहिल्या नाहीत. ती एखादा बोल्ट फिरवू लागली की हा मागं उभा. "उलटा नको. दम दे. इतका नको." तिनं केलेलं काम तो संध्याकाळी परत उघडून बघायचा आणि पुन्हा बंद करायचा. बहुतेक वेळा ते ठीकच असायचं. ठीक असलं की तो ते सांगत नसे.

मॉरिस मायनर शेडच्या मागं उभी होती. चौक गावाजवळच्या एका बंगल्यात कोणी डॉक्टर राहायचे, त्यांची ती गाडी. डॉक्टर गेले, मुलं परदेशी. बंगला विकताना त्यांनी अब्रारला सांगितलं, तेवढी ती घेऊन जा. तो आणायला गेला तेव्हा मागच्या सीटवर कोंबडी बसली होती आणि उठायला तयार नव्हती. तिच्यासकट गाडी ओढून आणावी लागली. मग गाडी पावसाळ्यामागून पावसाळे तिथंच. तळ कुजला. बॉनेटखाली मुंग्यांनी वारूळ केलं. गोल पाठीची ती छोटी गाडी गवतात अशी बसून होती, जशी एखादी बाई बसची वाट बघत बसते आणि बस त्या मार्गावरून बंद झाली आहे हे तिला कोणीच सांगत नाही.

"अब्बा, ही करू?" फराहनं विचारलं.

"कर. बिघडवायला तिच्यात काय उरलंय?"

तिला तीन वर्षं लागली. दिवसा गिऱ्हाइकांची कामं, मध्ये रिकामा वेळ मिळाला की मॉरिस. तळाचा पत्रा तिनं नवा कापून जोडला. इंजिन उघडलं, सिलिंडर मुंबईहून बोअर करून आणले. पेट्रोलचा पंप या गाडीत विजेवर चालतो आणि चालताना घड्याळासारखी टकटक करतो. तो पंप कोल्हापूरच्या एका जुन्या मेकॅनिककडे मिळाला. दरवाजामागच्या खांबातून वळताना एक छोटा केशरी हात बाहेर येतो, तो उजव्या बाजूचा येईना. त्यावर तिनं एक अख्खा महिना घालवला. अब्रार म्हणाला, "खिडकीतून हात काढ की, देवानं दिलाय." शेवटी तो केशरी हात बाहेर आला तेव्हा झोहरा डबा घेऊन आली होती. तिनं टाळ्या वाजवल्या. रंग फराहनं फिका हिरवा दिला, भाताच्या रोपाला पहिल्या आठवड्यात असतो तसा.

याच दिवसांत अब्रारनं शेड द्यायची ठरवलं. गुडघा आता दोन्ही बाजूंनी बोलत होता. गिऱ्हाइकं कमी. खोपोलीच्या नवीन नावाच्या व्यापाऱ्याला टाइल्सच्या दुकानासाठी हायवेवर जागा हवी होती, अक्षय्य तृतीयेच्या मुहूर्तावर. नवीन चांगला माणूस होता, बोलताना समोरच्याचा हात हातात घ्यायचा.

फराह म्हणाली, "आणि मी?"

"तुला कुठल्या तरी शोरूममध्ये लावू. एसी असतो तिथं."

"मला ही शेड पायजे."

"ट्रकवाला तुझ्याकडं गाडी देईल का गं? तू सांगितलंस इंजिन गेलंय, तर ऐकंल? माझं ऐकतात, कारण मी घाटात गाड्या घातल्यात."

ती बराच वेळ हात पुसत राहिली. मग म्हणाली, "मॉरिस विकून दाखवली तर?"

अब्रारनं झोहराकडे बघितलं. झोहरा डबा धुवत होती, तिनं मान वर केली नाही, पण नळ बंद केला.

"चालती विकायची," तो म्हणाला. "घेणाऱ्यानं चालवायला घेतली पायजे. दारात उभी करायला नाय. तशी विकलीस तर शेड तुझी. नवीनला मी नाय म्हणून सांगेन. नायतर अक्षय्य तृतीयेला फरशा."

"अम्मी, ऐकलंस ना?" फराहनं विचारलं.

"ऐकलं," झोहरा म्हणाली आणि नळ पुन्हा सोडला.

फराहनं पत्र्याच्या तुकड्यावर लिहून पाटी लावली: चालती मॉरिस विकणे आहे. 'चालती' हा शब्द लाल रंगात. फोटो फोनवर टाकले. लोक आले. बहुतेक सगळे गाडीत बसून फोटो काढून गेले. एका रिसॉर्टवाल्यानं दोनदा फोन केला. त्याला गाडी फाटकाशी ठेवायची होती. इंजिन काढून बॉनेटमध्ये माती भरायची आणि जास्वंद लावायची, असा त्याचा बेत होता. "छान दिसेल," तो म्हणाला. फराहनं दोन्ही वेळा नाही म्हटलं. अब्रार स्टुलावरून ऐकत होता. दुसऱ्या वेळी तो म्हणाला, "तिसऱ्यांदा करील तेवा हो म्हण." तिनं फोन खिशात टाकला.

मुहूर्ताला चार-पाच दिवस उरले असताना साईनाथ आला. भिसेगावचा. नदीकाठी शेताच्या बांधावर त्यानं दोन खोल्या बांधल्या होत्या आणि शनिवार-रविवारी मुंबईचे पाहुणे तिथं राहायचे. त्यांना कर्जत स्टेशनवरून आणायला आणि हवं तर खंडाळ्यापर्यंत फिरवायला त्याला ही गाडी हवी होती. तो गाडीभोवती फिरला. चाकाला लाथ मारली नाही, हे फराहनं बघून ठेवलं. बॉनेट उघडून त्यानं आत वाकून बराच वेळ बघितलं.

"घाट चढंल?"

"चढवून दाखवते," फराह म्हणाली.

"राग मानू नको गं ताई. चाचा, तुमी बसा चालवायला. लहानपणी तुमच्या ट्रकात बसून मी लोणावळ्याला गेलोय. तुमी चढवलीत आणि खाली आणलीत की मी घेतली."

फराहनं चावी बापाच्या हातात दिली. देताना सोडली नाही, अर्धी धरूनच ठेवली. "अब्बा, ऊन हाय. छोटं इंजिन हाय. मध्ये बंद करू नका. खंडाळ्यापर्यंत एका दमात. शिंग्रोबाला मनातल्या मनात हात जोडा."

"मला घाट शिकवतेस?"

"सांगते."

मग तिनं चावी सोडली आणि ती मागच्या सीटवर जाऊन बसली.

खोपोली मागं पडली आणि चढण लागली. मॉरिस चढू लागली. आवाज एकसारखा, थोडासा नाकातून येणारा. अब्रार बोलत होता. धाकलूविषयी, ब्रेक गेलेल्या एका रात्रीविषयी, वळणावर कोसळलेल्या संत्र्यांच्या ट्रकविषयी, ज्याची संत्री खालच्या वाडीतली पोरं आठवडाभर खात होती. साईनाथ हसत होता. एक हात त्यानं खिडकीबाहेर टाकला होता. मागून येणाऱ्या एका बसमधून कोणी तरी फोन काढून फोटो घेतला. फराह बापाच्या खांद्यावरून, तिनंच बसवलेला तापमानाचा काटा दिसतो का बघत होती. दिसत नव्हता. तिनं पुढं वाकून बघितलं. काटा वर होता, पण ठीक होता.

मग देऊळ आलं.

अब्रार बोलतच होता. बोलता बोलता त्याचा पाय ब्रेकवर गेला, हातानं गाडी कडेला घेतली, बोटांनी चावी फिरवून काढली. इंजिन थांबलं. तो खाली उतरला, लंगडत गेला, नाणं ठेवलं, हात छातीशी नेला आणि परत आला. हे सगळं होईपर्यंत त्याला काय केलं ते कळलं नव्हतं. दरवाजा उघडून बसल्यावर त्यानं फराहचा चेहरा आरशात बघितला, तेव्हा कळलं.

त्यानं चावी फिरवली. स्टार्टर फिरला, इंजिन लागलं नाही. पुन्हा. पुन्हा. बॉनेटखालचा पंप वेड्यासारखा टकटकत होता, थांबेच ना. मागून एका ट्रकनं हॉर्न दिला.

"पेट्रोल भेसळीचं हाय," अब्रार म्हणाला. "कुठून भरलं? वायर सैल असंल. मी तुला सांगितलं होतं त्या वायरीचं. कॉइल तापली. नायतर प्लग. त्या कोल्हापूरच्या पंपावर माझा पयल्यापासूनच इश्वास नव्हता." बोलता बोलता तो ॲक्सिलरेटर दाबत होता आणि स्टार्टर मारत होता. प्रत्येक वेळी स्टार्टरचा आवाज थोडा बारीक होत होता.

फराह खाली उतरली, त्याच्या खिडकीशी आली आणि हळू आवाजात म्हणाली, "मुद्दाम थांबवली?"

अब्रारचा हात चावीवरून खाली आला. घाम त्याच्या कपाळावरून खाली आला.

"अल्लाची शपथ, पाय गेला. मी नाय, पाय गेला."

तिनं त्याच्याकडे बघितलं. लहानपणी एसटीत बापाच्या शेजारी बसून तिनं त्याचा पाय पाहिला होता. ड्रायव्हर दुसराच असायचा आणि प्रत्येक वळणाला याचा पाय खालच्या पत्र्यावर दाबला जायचा.

"चावी द्या," ती म्हणाली. "आणि मागं बसा."

"काय?"

"मागं बसा, अब्बा. माझ्या जागेवर."

ट्रकनं पुन्हा हॉर्न दिला आणि बाजूनं निघून गेला. अब्रार उतरला. पुढची सीट दुमडून, गुडघा हातानं उचलून, मागं जाऊन बसला. छत इतकं खाली होतं की त्याची टोपी टेकली.

फराहनं चावी अर्धी फिरवून पंप चालू ठेवला आणि बॉनेट उघडलं. पाण्याची बाटली काढून एक फडका भिजवला, पंपावर आणि पेट्रोलच्या नळीवर गुंडाळला. वाफ आली. मग ती तिथंच उभी राहिली, काहीही न करता. साईनाथ उतरून तिच्याशेजारी आला.

"बिघाड काय झाला?"

हे वाक्य तिच्या डोक्यात तीन वर्षं होतं, कुठल्या ना कुठल्या गिऱ्हाइकाच्या तोंडी. उत्तरंही तयार होती. त्यातलं एकही तिनं दिलं नाही.

"बिघाड नाय. गाडीच अशी हाय. तापलेली असताना चढावर बंद केली की पेट्रोल नळीतच उकळतं. पंपाला पेट्रोल मिळत नाय, वाफ मिळते. तुमी घेतलीत तरी असंच होईल. मी दुरुस्त करून देईन असं नाय सांगत. होणार नाय. सवय करावी लागंल."

"म्हंजे शिंग्रोबाला थांबायचंच नाय?"

"थांबा. इंजिन चालू ठेवा, हँडब्रेक लावा, मग उतरा."

साईनाथनं खिशात हात घातला आणि मूठ उघडून दाखवली. मुठीत नाणं होतं. "मगाशीच काढून ठेवलं होतं. चाचा थांबले नसते तर मीच बोंबललो असतो." तो देवळाकडे गेला, नाणं ठेवून आला. "आणि सरळ पुढं नेली असती ना, तर गाडी घेतली नसती मी. माझी आई त्या गाडीत बसली नसती."

मागच्या सीटवरून आवाज आला, "झालं असंल आता. लाव."

"अजून नाय," फराह म्हणाली.

"लाव गं, गार झालं."

"अजून नाय, अब्बा."

ती वाकून उभी होती. घाटाखाली खोपोलीची छपरं उन्हात पांढरी पडली होती. वीजघराकडे येणारे मोठे नळ डोंगरावरून उतरले होते, आणि त्यांच्या आत पाणी पडत असेल हे बाहेरून कळत नव्हतं. पंपाची टकटक हळू झाली. मग सुटी सुटी झाली. मग थांबली.

तिनं फडका काढला, बॉनेट लावलं, बसून चावी पूर्ण फिरवली. स्टार्टर दोनदा कण्हला. तिसऱ्यांदा इंजिन लागलं.

साईनाथनं शिट्टी मारली. फराहनं आरशात बघून केशरी हात बाहेर काढला आणि गाडी रस्त्यावर घेतली.

"सेकंडला ठेव," मागून अब्रार. "वळण हाय. उजवीकडून बस येतेय. हॉर्न. हॉर्न दे."

"चाचा," साईनाथ मागं न वळता म्हणाला, "पाहुण्यांनी मागच्या सीटवर गप बसायचं असतं. माझ्याकडं नियम हाय."

"मी पाहुणा हाय का रं?"

"मागं बसलात म्हंजे पाहुणेच."

अब्रार हसला, जरा उशिरा. खंडाळ्याला गाडी वळवून त्यांनी चहा घेतला. गाडी बंद केली आणि चहा संपल्यावर लावली तेव्हा ती पहिल्याच वेळी लागली. उतरताना फराहनं तिला गिअरमध्येच धरून आणलं, ब्रेकवर फार पाय ठेवला नाही. अब्रार एकदाच बोलला, एका लांब वळणावर. "असंच," तो म्हणाला. तिला ऐकू आलं की नाही ते त्याला कळलं नाही.

शेडशी ते पोचले तेव्हा नवीन आत होता. मुहूर्त जवळ आला म्हणून मापं घ्यायला आला होता. लोखंडी टेपचं एक टोक त्यानं मागच्या भिंतीच्या खिळ्याला अडकवलं होतं आणि दुसरं हातात धरून तो रस्त्याच्या बाजूला आला होता. पिवळी पट्टी अख्ख्या शेडमधून ताणलेली होती, हत्यारांच्या टेबलावरून, अर्धवट उघडलेल्या रिक्षाच्या इंजिनावरून.

"या या," नवीन म्हणाला. "फक्त माप घेतोय चाचा, तुमचं काम चालू द्या."

साईनाथ मॉरिसमधून उतरला. "गाडी घेतली मी," तो म्हणाला. "चालवायला घेतली. रविवारी येतो न्यायला, आईला घेऊन." मग त्यानं पिवळ्या पट्टीकडे बघितलं, ती कुठून कुठे गेली आहे ते डोळ्यांनी मोजलं. "पण ताई, तू म्हणालीस सवय करावी लागंल. मला सवय व्हायला वरीस जाईल. गाडी घेऊन यायचं कुठं? हितं तर काय तरी दुसरंच दिसतंय."

"फरशा," नवीन हसत म्हणाला. "इटालियनसुद्धा ठेवणार आहे."

साईनाथ फराहकडे बघत राहिला.

"अब्बाला विचारा," ती म्हणाली आणि रिक्षापाशी गेली. वाकून ती पट्टीच्या खालून आत शिरली. रिक्षावाला दुपारपासून खोळंबला होता. पट्टी तिच्या पाठीला लागत होती. तिनं दोनदा ती पाठीनं बाजूला सारली आणि दोन्ही वेळा ती परत आली.

अब्रार शेडच्या रस्त्याकडच्या कडेला उभा होता. नवीन त्याच्याकडे बघत होता, साईनाथ बघत होता, रिक्षावालाही काय चाललंय म्हणून बघू लागला. फराह बघत नव्हती. ती इंजिनात हात घालून काही तरी सैल करत होती आणि ते सैल होत नव्हतं. उलटं फिरवत होती. मग तिनं हात थांबवला, बोल्टवर अंगठा ठेवून क्षणभर चाचपला आणि दुसऱ्या बाजूनं जोर लावला. बोल्ट सुटला.

अब्रारनं हे सगळं पाहिलं. तो लंगडत मागच्या भिंतीपर्यंत गेला आणि खिळ्यावरून टेपचं टोक काढलं. पट्टी सळसळत ओढली जाऊ नये, फराहला लागू नये, म्हणून टोक हातात धरून तो टेबलावरून, रिक्षावरून, तिच्या पाठीवरून ती उचलत उचलत पुढे आला. नवीनच्या हातातल्या डबीत टेप पूर्ण आत गेला तेव्हा त्यानं नवीनचा हात दोन्ही हातांत घेतला, नवीन घेतो तसा, आणि डबीवर त्याची बोटं मिटवून दिली.

नवीननं त्याच्या तोंडाकडे बघितलं, मग मान डोलावून डबी खिशात टाकली.

अब्रारनं स्टुलावरचा टॉवेल उचलला, खांद्यावर टाकला. फराहनं इंजिनातून हात काढून पुढे केला, काही तरी मागण्यासाठी, मग टेबलावरून स्वतःच ते उचललं. तो तिच्यामागून गेला. थांबला नाही, वाकून बघितलं नाही. हिरव्या मॉरिसला वळसा घालून, एक शब्दही न बोलता, तो रस्त्यावर निघून गेला.